सोलापूरच्या अक्कलकोट रोडची माती तपासणी लॅब : खाणीवरची ओबी (कोळशाच्या वरची माती-दगड) नेऊन दिली, माझा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

डाळिंबाची, द्राक्षाची, उसाची माती तपासायची असेल तर या लॅबबद्दल कुणालाही विचारा, आमच्या बाळे-केगाव बाजूचे कितीतरी बागायतदार वर्षानुवर्षं तिथंच जातात, त्यामुळं त्यावर मी काही लिहीत नाही. माझं काम वेगळं होतं. मी तिथं कोळशाच्या उघड्या खाणीवरची माती घेऊन गेले होते, आणि ते काम शेतीच्या लॅबनं कसं केलं, कुठं छान केलं आणि कुठं अडलं, ते सविस्तर सांगते, कारण मला स्वतःला जेव्हा हे शोधायचं होतं तेव्हा मराठीत काहीच सापडलं नव्हतं.

थोडं मागचं सांगावं लागेल. माझी नर्सरी आहे, एकोणीस वर्षं झाली. माझा भाचा वणीकडं, यवतमाळ जिल्ह्यात, एका ओपनकास्ट खाणीच्या ढिगाऱ्यांवर झाडं लावायचं काम घेतो, रोपं माझ्याकडून जातात. पिकअप रोपं भरून तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ करत वणीला जाते आणि येताना रिकामी येते. तर ही जी ओबी आहे, ओव्हरबर्डन, ती म्हणजे कोळशाच्या थराच्या वर जे काही असतं ते सगळं. वर काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे खडे असलेला पिवळा थर, मग वाळूचा दगड, मग शेल म्हणजे चिकणमातीचा पापुद्र्यांचा दगड, आणि मग कुठं कोळसा. हे सगळं सुरुंग लावून फोडायचं, शॉवेलनं उचलायचं, डम्परमध्ये भरायचं आणि बाजूला नेऊन ओतायचं. एक टन कोळसा काढायला कुठं तीन, कुठं चार-पाच घनमीटर ओबी हलवावी लागते, म्हणजे विचार करा ढीग केवढे होत असतील. आपल्या सोलापूर जिल्ह्यात कोळसा नाही, आपल्या पायाखाली सगळा काळा पाषाण, पण होटगीकडं एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं केंद्र आहे, कोळशाच्या मालगाड्या आपण येता-जाता बघतो, तो कोळसा जिथून निघतो तिथं मागं काय उरतं हे मी भाच्याबरोबर पहिल्यांदा गेले तेव्हा कळलं. डोंगरच आहेत ते. तीन-चार टप्प्यांचे, राखाडी, आणि उन्हाळ्यात त्यावर उभं राहवत नाही.

आणि एक गोष्ट तिथं गेल्यावरच डोक्यात शिरली. खाणीत सगळं उलटं होतं. वरचा थर आधी निघतो आणि ढिगाऱ्याच्या तळाला जातो, सगळ्यात खालचा, कोळशाला चिकटलेला काळा शेल शेवटी निघतो आणि ढिगाऱ्याच्या डोक्यावर येऊन बसतो. कोट्यवधी वर्षं ज्याला हवा लागली नाही तो दगड उन्हापावसात उघडा पडतो आणि आपण त्यात खड्डा काढून कडुनिंब लावतो. वरची चांगली माती वेगळी काढून वेगळी साठवायची असा नियम आहे, पण जुन्या ढिगाऱ्यांवर ते झालेलं असतंच असं नाही.

पहिल्या वर्षी आम्ही माती तपासली नव्हती असं नाही. तपासली होती. तिकडच्याच एका शहरातल्या लॅबमधून. भाच्यानं शेतात करतात तसं केलं, नागमोडी चालत बारा ठिकाणची माती घेतली, घमेल्यात एकत्र कालवली, चार भाग करून दोन टाकून दिले, असं करत अर्धा किलो उरवली आणि दिली. रिपोर्ट आला : सामू (पीएच) ६.८, म्हणजे उत्तम. क्षारता कमी, उत्तम. सेंद्रिय कर्ब १.९ टक्के, अत्यंत जास्त. खाली छापलेलं, शेणखताची गरज नाही. आता मी इतकी वर्षं सोलापूरच्या माणसांचे माती रिपोर्ट बघतेय, आपल्याकडं कर्ब ०.४, ०.५ निघाला तरी माणूस समाधानी असतो, १.९ मी आयुष्यात बघितला नव्हता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण छापील कागद हातात आला की आपण मानतो. शेणखत निम्मं केलं, रोपं पाठवली, कडुनिंब, शिसम, करंज, बांबू. पुढच्या मार्चपर्यंत जवळजवळ निम्मी गेली, आणि जी गेली ती सगळीकडं सारखी गेली नाहीत, काळ्या पट्ट्यांवरची बहुतेक सगळी गेली, पिवळ्या भागावरची बरीचशी टिकली. भाच्यानं फोटो पाठवले तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही. पैशाचं नुकसान तर झालंच, पण ती रोपं मी पिशवीत बी टोकल्यापासून वाढवली होती.

म्हणून मग ठरवलं की माती इथं आणायची, आपल्या माहितीच्या लॅबमध्ये, जिथं समोर बसून विचारता येतं.

लॅब अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे, मुख्य रस्त्यावरून आत वळलं की यंत्रमागाच्या शेडांच्या ओळीत. बोर्ड लहान आहे, पहिल्यांदा जाणाऱ्याला सापडत नाही, पलीकडच्या चहाच्या टपरीवर विचारा. गाडी लावायला जागा आहे. मॅडम स्वतः मृदाशास्त्र शिकलेल्या आहेत, आणि त्यांच्याकडं एक जुने मामा आहेत, सगळा हातखंडा त्यांचा, तेलुगू-मराठी मिसळून बोलतात आणि बोलता बोलता बीकर धुत राहतात.

पहिल्या फेरीला मी ओरडा खाल्ला. भाच्यानं नमुने युरियाच्या रिकाम्या गोण्या कापून त्यात बांधून पाठवले होते. मॅडमनी पिशवी बघितली आणि घेतलीच नाही. म्हणाल्या, "काकू, तुम्ही नर्सरीवाल्या असून खताच्या गोणीत माती आणता? नत्र काय निघणार यात?" बरोबरच होतं त्यांचं. आणि दुसरं त्यांनी विचारलं की या किती जागांच्या आहेत, मी म्हटलं बारा जागांची एकत्र केलेली आहे, तर त्या म्हणाल्या मग हा नमुना कशाचाच नाही. ते त्यांनी असं समजावलं की शेतात माती मिसळून चालतं कारण शेत साधारण एकसारखं असतं, तिथं सरासरीला अर्थ असतो. ढिगाऱ्यावर एका डम्परनं पिवळी ओतली, शेजारी दुसऱ्यानं काळा शेल ओतला, त्या दोघांची सरासरी काढली तर जो आकडा येतो तसली माती त्या ढिगाऱ्यावर कुठंच नसते. वाईट जागा चांगलीत बुडून जाते आणि झाड मात्र वाईट जागेतच लावलं जातं. रंगाप्रमाणं वेगळे नमुने घ्या, प्रत्येक रंगाचे दोन-तीन, नव्या कापडी किंवा प्लास्टिकच्या पिशव्यांत, आत-बाहेर चिठ्ठी, जागेचा फोटो. पैसे न घेता परत पाठवलं. मला त्या दिवशी राग आला होता, पेट्रोल आणि दिवस दोन्ही गेले म्हणून. आज वाटतं की नमुना ठेवून घेऊन रिपोर्ट छापून दिला असता तर मला काहीच कळलं नसतं.

दुसऱ्या फेरीला १४ पिशव्या नेल्या. आणि इथून पुढं जे झालं त्यासाठी मी हे लिहायला बसलेय.

मामांनी सगळ्यात आधी प्रत्येक पिशवीतली चिमूटभर माती एका पांढऱ्या टाइलवर ठेवली आणि ड्रॉपरनं पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला. फेस आला की चुना आहे. हे आपल्याकडं डाळिंबवाल्यांना नवीन नाही, आपल्या जमिनी चुनखडीच्या, मुक्त चुना जास्त असला की झाडाला लोह मिळत नाही, पानं पिवळी पडतात, म्हणून फेस आला की बागायतदाराचा चेहरा पडतो. मी पण त्याच सवयीनं बघत होते. पिवळ्या थराच्या पिशवीवर थेंब पडला आणि चर्र करून फेस आला, मी म्हटलं अरेरे. मामा म्हणाले, "अरेरे नाही ताई, इथं हाच तारणार तुम्हाला." काळ्या शेलवर थेंब टाकला, काही झालं नाही, थेंब तसाच बसून राहिला.

मग मॅडमनी दुसरा प्रयोग दाखवला. काळ्या शेलची भुकटी बीकरमध्ये घेऊन त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं, थोडं गरम केलं, निवू दिलं आणि सामू मोजला. आधी साध्या पाण्यात त्याच मातीचा सामू ६.७ आला होता. आता ३.१. मी दोनदा विचारलं की मशीन बरोबर आहे ना. तर भानगड अशी आहे की त्या शेलमध्ये पायराइट असतं, लोखंड आणि गंधक यांचं खनिज, जमिनीखाली हवा नसते तोवर गप्प असतं. वर आलं, हवा-पाणी मिळालं की हळूहळू त्याचं गंधकाम्ल होतं. ताज्या दगडाचा सामू आज मोजला तर चांगलाच दिसणार, कारण आम्ल अजून तयारच झालेलं नाही, एक-दोन पावसाळे जाऊ द्या मग बघा. पेरॉक्साइड ते काही वर्षांचं काम तासाभरात करून दाखवतं. आमच्या पहिल्या रिपोर्टमधला ६.८ खोटा नव्हता, तो फक्त त्या दिवसापुरता खरा होता. हे कळलं तेव्हा मी तिथं स्टुलावर बसून राहिले थोडा वेळ. मामांनी चहा मागवला.

मॅडमनी हेही सांगितलं की आपल्याकडच्या गोंडवानातल्या, म्हणजे वणीसारख्या जुन्या थरांतल्या, कोळशात गंधक एकूण कमीच असतं, बहुतेक ठिकाणी एक टक्क्याच्या आत, ईशान्येकडं आसाम-मेघालयात असतं तसं भयंकर नाही, त्यामुळं सगळाच ढीग आम्लाचा होईल असं घाबरायचं कारण नाही. पण काही थर, काही पट्टे असे निघतात, आणि ते कुठले हे शोधण्यासाठीच तपासायचं. म्हणून १४ च्या १४ नमुन्यांचं गंधक तपासू नका म्हणाल्या, पेरॉक्साइडला सामू ४.५ च्या खाली गेले ते चार आणि तुलनेला एक पिवळा, असे पाचच पाठवू. गंधक त्यांच्याकडं होत नाही, पुण्याला पाठवतात. मी सगळे द्यायला तयार होते, नमुन्याला ९०० रुपये ज्यादा, नऊ नमुन्यांचे पैसे त्यांनी स्वतःहून वाचवले माझे. हे मला फार भावलं.

त्याचा हिशोब त्यांनी कागदावर करून दिला, तो इथं देते कारण कुणाच्या तरी उपयोगी पडेल. गंधकाचा टक्का गुणिले ३१.२५, म्हणजे हजार टन मातीतलं सगळं आम्ल मारायला किती टन चुना लागेल तो आकडा. त्यातून त्या मातीत आधीच असलेला चुना वजा करायचा, तो आम्ल घालून उकळून आणि मग उरलेलं आम्ल टायट्रेशननं मोजून काढतात. आमच्या सगळ्यात वाईट काळ्या नमुन्यात गंधक ०.६, म्हणजे १८.७५ टन हवेत, आणि अंगचा चुना फक्त ६ टनांचा, तूट १२.७५. पाच टनांपेक्षा जास्त तूट असली की ती माती धोक्याची धरतात. पिवळ्या थरात गंधक ०.०४, म्हणजे सव्वा टन, आणि अंगचा चुना ६२ टनांचा. साठ टनांहून जास्त शिल्लक! एकाच खाणीतून निघालेले दोन थर, एक घेणारा, एक देणारा. हेक्टरी १५ सेंटिमीटरच्या थराचं वजन साधारण २२४० टन धरतात, त्या हिशोबानं काळ्या पट्ट्यावर हेक्टरी २८-२९ टन चुना विकत घेऊन टाकावा लागला असता. मॅडम म्हणाल्या चुना विकत कशाला घेता, तुमच्याच खाणीत पडलाय की, काळं खाली दाबा आणि पिवळं वर पसरा. शिवाय हेही सांगितलं की सगळंच गंधक आम्ल करत नाही, काही जिप्समच्या रूपात असतं, काही कोळशातच बांधलेलं असतं, त्यामुळं हा आकडा जास्तीत जास्तीचा समजा.

आता तो १.९ टक्के कर्ब. हे तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कर्ब काढायची जी नेहमीची पद्धत आहे, डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लाची, वॉकली-ब्लॅक म्हणतात तिला, ती १९३४ पासून चालत आलेली, शेतासाठी एकदम ठीक. पण तिला कोळशाचा कण आणि कुजलेल्या पाल्याचा कण यातला फरक पूर्ण कळत नाही. शेलमध्ये कोळशाची पूड असते, तिचा काही भाग त्या रसायनात जळतो आणि कर्ब म्हणून मोजला जातो. रिपोर्ट म्हणतो अत्यंत जास्त, आणि झाडाला त्यातलं काहीच मिळत नाही, कोळसा कुजून नत्र देत नाही. मॅडमनी हे कसं ओळखलं, तर नत्राच्या आकड्यावरून. उपलब्ध नत्र हेक्टरी ९४ किलो. २८० च्या खाली गेलं की कमी म्हणतात. इतका कर्ब आणि इतकं कमी नत्र एकत्र नांदतच नाही, म्हणाल्या, खरा सेंद्रिय कर्ब असता तर नत्र वर असतं. रिपोर्टवर त्या ओळीपुढं त्यांनी पेनानं लिहिलं, "कोळशाचा कर्ब, खत कमी करू नये" आणि सही केली. त्या पेनाच्या एका ओळीला मी एक पूर्ण स्टार देते.

दगडांचंही तसंच. माती तपासायची म्हणजे २ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळायची आणि खाली पडेल ते तपासायचं. शेतात वर फारसं काही उरत नाही. आमच्या वाळूच्या दगडाच्या नमुन्यात निम्म्याहून जास्त चाळणीवरच राहिलं, ५५ टक्के. मग रिपोर्टमधले सगळे हेक्टरी आकडे त्या उरलेल्या ४५ टक्क्यांचे झाले ना. पाणी धरायची ताकद पण तेवढीच. मामांनी चाळणीवरचं वजन करून प्रत्येक नमुन्यापुढं लिहून दिलं, मी मागितलं नव्हतं. आणि शेलचे खडे फोडायचे नाहीत, हे पण त्यांचंच. फोडून पूड केली तर रिपोर्ट छान येतो पण ढिगाऱ्यावर तर खडाच असतो. त्याऐवजी खडे काचेच्या ग्लासात पाण्यात टाकून खिडकीत रात्रभर ठेवले, चौदा ग्लास ओळीनं. सकाळी बघितलं तर वाळूचा दगड जसाच्या तसा, शेलचे काही खडे पापुद्र्यासारखे सुटून खाली बसलेले, आणि दोन ग्लासांत पाणी दुधासारखं गढूळ, बसतच नाही. ते गढूळवाले वाईट, त्यात सोडियमचा वाटा जास्त, पावसात त्याचा चिखल होऊन वर पापडी धरते, पाणी आत जात नाही, उतारावर घळी पडतात. भाच्याला फोन करून विचारलं, ते दोन नमुने कुठले, तर बरोबर जिथं पावसाळ्यात घळी पडल्या होत्या तिथले. ग्लासातलं पाणी बघून वणीच्या ढिगाऱ्यावरची घळ सांगता येते!

आता ज्याच्यासाठी एक स्टार कापलाय ते.

वेळ. आठ दिवस सांगितले, सतरा दिवस लागले. पुण्याला गंधकाचे नमुने जातात तिथं उशीर होतो हे मला पटतं, पण मग बाकीचा रिपोर्ट तरी आधी द्या, तो पण अडवून ठेवला. मी चार फोन केले, दोनदा उचलला नाही. पावसाच्या तोंडावर पंधरा दिवस म्हणजे काय हे त्यांना कळायला हवं, त्यांची सगळी गिऱ्हाइकं शेतकरीच आहेत.

दुसरं म्हणजे रिपोर्टचं सॉफ्टवेअर. त्यात पीक निवडल्याशिवाय कागद छापलाच जात नाही, आणि यादीत डाळिंब, ऊस, द्राक्ष, ज्वारी, बोर वगैरे. खाणीचा ढिगारा कुठून असणार. तर चौदाही कागदांवर पीक डाळिंब छापलं आणि खाली डाळिंबाचा खताचा डोस. मॅडमनी तो रेघ मारून खोडला आणि मागं हातानं लिहिलं, ते उत्तम लिहिलंय, पण हे कागद खाणीच्या ऑफिसात दाखवायचे तर भाच्याला प्रत्येकाला समजावत बसावं लागलं. मॅडम, एक कोरा फॉर्म बनवून घ्या, फक्त आकड्यांचा. मी प्रत्यक्ष सांगितलंय, इथंही लिहिते.

तिसरं लॅबचा दोष नाही, पण जाणाऱ्यानं माहीत करून घ्यावं. खाण बंद करायच्या आराखड्याचे, पर्यावरण खात्याचे जे अधिकृत कागद असतात त्यांना मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट लागतो, आणि त्या त्या चाचणीसाठी मान्यता असावी लागते. कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांपासून खाणवाल्यांना जमीन परत नीट करायचा पैसा वेगळ्या एस्क्रो खात्यात, म्हणजे काम झाल्याशिवाय काढता येत नाही अशा खात्यात, ठेवावा लागतो, तो सुटायचा तर कागद पक्के लागतात. या लॅबचा रिपोर्ट त्यासाठी चालला नाही, आणि मॅडमनी हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. आर्सेनिक, कॅडमियम, सेलेनियम असले विषारी घटक पण त्यांच्याकडं तपासून होत नाहीत, तेही आधीच सांगितलं. बोरॉन होतं, द्राक्षवाल्यांमुळं. आमचं काम कागद भरायचं नव्हतं, झाड जगवायचं होतं, त्यामुळं आम्हाला चाललं.

पैसे : नेहमीची तपासणी सूक्ष्म अन्नद्रव्यांसह नमुन्याला ६५०, चौदाचे ९१००, गंधकाचे पाच नमुने ४५००, मिळून १३,६००. पेरॉक्साइडचे, ग्लासांचे, चाळणीच्या वजनाचे काहीच लावले नाहीत. पहिल्या वर्षी मेलेल्या रोपांच्या मानानं हे काहीच नाही.

मग केलं काय ते सांगते, कारण रिपोर्ट किती खरा हे ढिगाऱ्यावरच कळतं. खाणीच्या सर्व्हे खात्यातल्या एका साहेबांना भाच्यानं तो हिशोबाचा कागद दाखवला, घेणारा थर आणि देणारा थर. त्यांनी मनावर घेतलं, आणि नव्या कटमधून, म्हणजे नव्या खोदाईतून, निघणाऱ्या पिवळ्या थराचे डम्पर आमच्या काळ्या पट्ट्यांकडं वळवले, दोन फुटांचा थर पसरला. डम्पर फिरून फिरून वरचा थर दगडासारखा घट्ट झाला होता, तिथं मूळ शिरत नाही. तो किती घट्ट आहे हे लॅबमध्ये कळत नाही कारण पिशवीत भरलं की माती सुटी होते, मामांनी फोनवर पद्धत सांगितली : एक खड्डा काढा, निघालेली माती वाळवून तोला, खड्ड्यात पातळ प्लास्टिक अंथरून पाणी भरा आणि किती लिटर मावलं ते मोजा, किलोला लिटरनं भागा, ती मातीची घनता. १.८ आला. मुळांना १.६ च्या वर त्रास होतो म्हणाले. मग रिपर, म्हणजे घट्ट जमीन खोल फोडणारा नांगर, फिरवून घेतला. शेणखत खड्ड्यात पूर्ण मात्रेनं. पहिल्या पावसाला झाडं लावलीच नाहीत, आधी ताग, धैंचा, स्टायलो आणि धामण गवताचं बी फेकलं, घळींच्या तोंडाला वाळा लावला, आणि जुलैत मग रोपं. यंदा प्रयोग म्हणून ८०० च लावली, त्याच काळ्या पट्ट्यांवर जिथं आधीची मेली होती. नोव्हेंबरात मोजली, ६९० उभी आहेत. खरी परीक्षा उन्हाळ्यात, तिकडचा उन्हाळा आपल्यापेक्षा कमी नाही, पण करंजाला नवी पालवी आहे आणि धामणीचं गवत गुडघ्याएवढं झालंय.

साठवलेल्या काळ्या मातीचा एक नमुना पण होता चौदांमध्ये, खाणीनं वेगळी काढून रचून ठेवलेली, बरीच वर्षं तशीच. दिसायला सुरेख, आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या रानासारखी, मला वाटलं ही तर सोनंच. नत्र त्यातही कमीच निघालं. उंच ढिगात दाबून ठेवली की आतल्या मातीतला जीव जातो, म्हणाल्या मॅडम, ढीग बुटका ठेवा आणि त्यावर द्विदल काहीतरी उगवू द्या, वापरायची वेळ येईपर्यंत. साहेबांना तेही कळवलंय, ते होईल तेव्हा होईल.

जाणार असाल तर सकाळी ११ च्या आत जा, मॅडम तेव्हा असतात, दुपारनंतर काउंटरवर जो मुलगा असतो त्याला शेतीच्या पलीकडचं विचारू नका, तो पीक कुठलं विचारेल. नमुने सावलीत वाळवून न्या, ओले नेऊ नका. प्रत्येक पिशवीत ढिगाऱ्याचा टप्पा कुठला, रंग कुठला, किती खोलीवरचं ते लिहा. आणि पेरॉक्साइडची चाचणी तोंडानं मागा, ती त्यांच्या रेट कार्डवर नाही.

आमची पुढची गाडी जानेवारीत सोलापूरची गड्ड्याची यात्रा झाली की निघतेय, येताना नव्या कटच्या वीस पिशव्या आणायच्या आहेत, या वेळी डम्पर ओतायच्या आधी, बेंचवरूनच, म्हणजे खाणीच्या पायऱ्यांवरूनच, थराप्रमाणं घेतलेल्या. मामांना सांगून ठेवलंय, ग्लास वीस लागतील.